अंतरलेलें तीर्थ

संप्रदायाचे प्रवर्तक जेथें जन्मले, जेथें त्यांनीं तप केलें व जेथें देह ठेविला, त्या स्थळांचें दर्शन संघ करून घ्यावें, ही चाल पुष्कळ धर्मांत आढळते. कॅथलिक पंथांतील जेझुइट, म्हणजे येशूसंघ, यास मानणारे भाविकही असेच जमून स्पेनमधील लोयोला, मोंत्सेरात व मान्रेसा आणि पुढें पॅरिस व रोम येथें जातात. लोयोला ते मान्रेसा ही सुमारें ६५० किलोमीटरांची वाट कित्येक जण पायीं चालतात. या यात्रेंतील एका विलक्षण गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आम्हांस वाटतें. ज्या संस्थापकाच्या स्थळांची ही यात्रा, त्याची स्वतःची आस निराळ्याच तीर्थाची होती. तें तीर्थ अंतरलें म्हणूनच हा संघ आजच्या रूपानें उदयास आला.

लोयोलाचा इग्नाशियस हा मूळचा शिपाईबाण्याचा सरदारपुत्र. २० मे १५२१ रोजीं पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला. अंथरुणास खिळला असतां त्यानें शूरवीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. वाड्यांत त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचें व साधूंचें चरित्र हातीं आलें. बरा होतांच त्यानें जेरूसलेमची वाट धरली. मार्च १५२२ मध्यें मोंत्सेरातच्या मठांत मेरीमातेच्या मूर्तीपुढें रात्रभर जागून त्यानें तरवार व कट्यार वाहिली आणि उंची वस्त्रें एका भिकाऱ्यास दिलीं. त्या बिचाऱ्यावर मात्र चोरीचा आळ आला. तें कळतांच इग्नाशियसच्या डोळ्यांस पाणी आलें. मान्रेसा येथें थोडे दिवस राहावें म्हणून तो उतरला, तो सुमारें अकरा महिने तेथेंच ध्यानधारणेंत राहिला.

१५२३ सालीं तो जेरूसलेमला पोंचला. तेथेंच देह झिजवावा असा त्याचा संकल्प होता. परंतु पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांनीं त्यास परत जाण्याची आज्ञा केली. पुढें पॅरिसच्या विद्यापीठांत त्यास सहा सोबती मिळाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मोंमार्त्रच्या टेकडीवर या सातांनीं शपथ घेतली कीं, जेरूसलेमला जाऊं. तें न साधल्यास पोप सांगेल तें कार्य करूं. १५३७ सालीं व्हेनिस व तुर्क यांच्यांत युद्ध जुंपलें आणि जहाज मिळेना. मंडळी रोमला वळली, आणि २७ सप्टेंबर १५४० रोजीं पोप तिसरा पॉल यानें संघास मान्यता दिली. त्यानंतर इग्नाशियस रोममध्येंच राहिला व १५५६ सालीं तेथेंच वारला. तरी आपली जीवनकथा सांगतांना त्यानें स्वतःस 'यात्रेकरू' असेंच म्हटलें आहे.

प्रवास घडला तो सोबत्यांना. त्या सातांपैकीं फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला. त्याचें शव जुन्या गोव्यांत बॉम जीझसच्या चर्चमध्यें असल्यानें या यात्रेचें एक टोंक आपल्या दाराशीं आलें आहे. येथें मात्र भक्तीबरोबर इतिहासही जागा ठेवावा लागतो. याच संघांतील फादर स्टीफन्स यानें मराठी ओवींत 'ख्रिस्तपुराण' रचलें व तें १६१६ सालीं छापलें गेलें, ही आपल्या भाषेवरील मोठी कृपा होय. परंतु गोव्यांत इन्क्विझिशन स्थापावें, अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे झेवियरनेंच १५४६ सालीं केली होती. त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्यें तें धर्मन्यायासन आलें, आणि त्याचा जाच हिंदूंना व नवख्रिस्ती कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या भोगावा लागला.

यांतील एक गोष्ट सांगून दुसरी झांकणें आम्हांस उचित वाटत नाहीं. संस्थापकांच्या पाउलांवरून चालणाऱ्यांनीं तरवार वाहिल्याची जागा जरूर पाहावी. परंतु आपल्या कृतीचें फळ दुसऱ्या कोणास भोगावें लागलें, हें पाहून डोळ्यांत आलेलें पाणीही त्याच जागेचें आहे, हें विसरूं नये.