मॅनेजरच्या खुर्चीची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं दशक. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबच्या मैदानावर पालवणकर बाळू नावाचा तरुण नोकरीला होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट बांधायची, टेनिस कोर्टावर रेघा मारायच्या आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे, हे त्यांचं काम. पगार महिना चार रुपये. त्याआधी पारशांच्या मैदानावर तीन मिळत. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी, आणि त्या सरावात फलंदाजाबरोबर गोलंदाजही घडत गेला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. पण ते चर्मकार समाजातले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आलं, तेही मोठ्या झगड्यानंतर.

खेळावर पोट असलेल्या माणसाने संघ चालवावा की नाही, हा प्रश्न अमेरिकेने आधीच निकालात काढला होता, आणि काढणारा माणूस क्रिकेटच्याच घरातला होता. हॅरी राइट 1835 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला जन्मला. वडील व्यावसायिक क्रिकेटपटू. मुलगाही न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात पगारी क्रिकेटपटू झाला आणि पुढे बेसबॉलकडे वळला. 1869 मध्ये त्याने सिनसिनाटीचा ‘रेड स्टॉकिंग्ज’ हा उघडपणे पगार घेणारा पहिला बेसबॉल संघ उभा केला. स्वतःला 1200 डॉलर, धाकट्या भावाला, जॉर्जला, 1400. जॉर्ज जास्त चांगला खेळे, म्हणून त्याला जास्त. हॅरी मैदानात खेळे, सराव घेई, सामने ठरवी, प्रवासाची सोय बघे आणि तिकिटांचा हिशेबही ठेवी. त्या वर्षी हा संघ एकही सामना हरला नाही. बेसबॉलच्या मॅनेजरचा साचा तिथे घडला. आजही हा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश चढवून बसतो आणि कोण कधी खेळेल ते ठरवतो.

क्रिकेटमध्ये असं काही झालं नाही, त्याची दोन कारणं. एक म्हणजे मैदानावरचा सगळा निर्णय कर्णधाराचा, त्यामुळे बाहेर बसणाऱ्याला सामन्यापुरतं कामच नव्हतं. दुसरं कारण अधिक टोचणारं आहे. इंग्लंडमध्ये हौशी खेळाडू साहेब आणि पगारी खेळाडू नोकर, ही वाटणी इतकी पक्की होती की अनेक मैदानांवर दोघांची फाटकंही वेगळी असत. हा वारसा आपल्याकडे जसाच्या तसा आला आणि त्यात जातीची भर पडली. मॅनेजरची खुर्ची मग राजेमहाराजांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती गेली.

1936 च्या इंग्लंड दौऱ्यात ती कशी चालली ते बघण्यासारखं आहे. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार, मॅनेजर मेजर ब्रिटन-जोन्स. संघातला सर्वांत चांगला फलंदाज लाला अमरनाथ. 1933 मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर भारताचं पहिलं कसोटी शतक त्यांनीच ठोकलं होतं. लॉर्ड्‌सवरच्या एका सामन्यात ते पॅड बांधून बसले असताना त्यांचा क्रम पुन्हा पुन्हा मागे ढकलला गेला. अखेर खेळून परत आल्यावर त्यांचा तोल सुटला. ड्रेसिंग रूममध्ये आदळआपट झाली, शब्दाला शब्द लागला. कर्णधार आणि मॅनेजर यांनी त्यांना पहिल्या कसोटीच्या आधीच बोटीत बसवून मायदेशी पाठवलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमंट यांच्या समितीने चौकशी करून अमरनाथांना दोषमुक्त केलं. पण इंग्लंडमधल्या तीन कसोटी हुकल्या त्या हुकल्याच. खेळाडूचा पूर्ण मोसम बुडवण्याची ताकद खुर्चीत होती, खेळाची जाण मात्र असलीच पाहिजे असं नव्हतं.

म्हणून 1954-55 चा पाकिस्तान दौरा या कथेत महत्त्वाचा वाटतो. त्या दौऱ्यावर भारतीय संघाचे मॅनेजर होते खुद्द लाला अमरनाथ. पण लगेच रीत पडली नाही. 1959 ला इंग्लंडमध्ये बडोद्याचे महाराज फत्तेसिंगराव गायकवाड मॅनेजर होते. ते रणजी खेळलेले होते हे खरं, पण वय अवघं एकोणतीस. ती मालिका आपण पाच-शून्य हरलो.

खुर्चीचं रूप खऱ्या अर्थाने पालटलं ते हेमू अधिकारी यांनी. पुण्याचा जन्म, सैन्यात लेफ्टनंट कर्नल, 21 कसोटी सामने. 1952 मध्ये दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या जोडीला गुलाम अहमदला घेऊन त्यांनी 109 धावांची भागी केली होती. कव्हरला त्यांचं क्षेत्ररक्षण बघायला लोक येत. भारतीय क्षेत्ररक्षणाची तेव्हाची ख्याती बघता हे मुद्दाम सांगायला हवं. 1971 मध्ये इंग्लंडला ते मॅनेजर म्हणून गेले तेव्हा हिशेबाच्या वह्यांपेक्षा त्यांचं लक्ष पळण्यावर आणि झेलांच्या सरावावर होतं. लष्करी शिस्त काही खेळाडूंना जड गेली असणार. पण ओव्हलच्या कसोटीत चौथ्या दिवशी काय झालं ते पाहा. फिरकीपटू चंद्रशेखर एका बाजूने 38 धावांत 6 बळी घेत होता आणि फलंदाजाच्या पुढ्यात, जवळजवळ त्याच्या बुटांशी, एकनाथ सोलकर उभा होता. वेंकटराघवनचा चेंडू ॲलन नॉटच्या बॅटला लागून जेमतेम खाली पडणार, तोच सोलकरने पुढे सूर मारून तो जमिनीलगत उचलला. इंग्लंड 101 धावांत गारद. दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्टला, भारताने 173 धावांचं लक्ष्य चार गडी राखून गाठलं. फिरकीचं कौतुक सगळे करतात, पण ते झेल हातात बसले नसते तर त्या फिरकीचं काय झालं असतं?

तीन वर्षांनी तेच मॅनेजर, तोच कर्णधार, तोच देश. 1974 ला लॉर्ड्‌सवर आपण 42 धावांत कोसळलो आणि मालिका तीन-शून्य गेली. मॅनेजर कितीही जाणता असला तरी ढगाळ हवेत स्विंग होणारा चेंडू त्याला थांबवता येत नाही.

त्या दोन्ही दौऱ्यांचे कर्णधार अजित वाडेकर. दादरचा हा डावखुरा फलंदाज स्टेट बँकेत अधिकारी होता. त्या पिढीला खेळाने पोट भरेल याची खात्री नव्हती, बँकेच्या नोकरीने होती. 1974 नंतर ते क्रिकेटमधून बाजूला झाले. पुढे 1983 चा विश्वचषक जिंकला तेव्हाही संघासोबत प्रशिक्षक नव्हता. मॅनेजर पी. आर. मानसिंग एकटेच सगळं बघत. क्रिकेट मॅनेजर ही वेगळी नेमणूक आली ती 1990 मध्ये, बिशनसिंग बेदींच्या रूपाने. ती फार टिकली नाही. 1992 ला दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी वाडेकरांना बोलावलं गेलं आणि पद स्थिरावलं.

दक्षिण आफ्रिकेत मालिका गेली. पण 1993 च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ आला तेव्हा कुंबळे, राजू आणि चौहान या तीन फिरकीपटूंना एकत्र खेळवण्याचा डाव टाकला गेला. स्वतः बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट यांच्यासाठी स्लिपमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला त्याचा हिशेब कुणी शिकवायला नको होता. तीन-शून्य. पुढची जवळजवळ तीन वर्षं मायदेशी एकही कसोटी मालिका आपण हरलो नाही.

वाडेकरांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय मात्र एका आखडलेल्या मानेमुळे झाला. 27 मार्च 1994, ऑकलंड. सकाळी नवज्योत सिद्धूची मान धरली. सलामीला कोण? वीस वर्षांचा सचिन तेंडुलकर, जो तोवर मधल्या फळीत खेळे, कर्णधार अझरुद्दीन आणि वाडेकर यांच्याकडे गेला. एकदा संधी द्या, नाही जमलं तर पुन्हा मागणार नाही, असं त्याचं म्हणणं. दोघांनी हो म्हटलं. न्यूझीलंडच्या 142 धावांसमोर सचिनने 49 चेंडूंत 82 केल्या. त्यात 15 चौकार आणि 2 षटकार. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं पहिलं शतक त्याच वर्षी सप्टेंबरात, कोलंबोला, सलामीलाच आलं. होकार देणं आज सोपं वाटतं. त्या सकाळी फसलं असतं तर बोल वाडेकरांनाही लागला असता, आणि 1996 च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवरच्या उपांत्य पराभवानंतर तो लागलाच. त्यांची कारकीर्द तिथे संपली.

मग संदीप पाटील, मदनलाल, अंशुमान गायकवाड, कपिलदेव झाले, आणि 2000 च्या अखेरीस न्यूझीलंडचे जॉन राइट आले. तिथून परदेशी ‘कोच’ सुरू झाले. राइट यांच्यानंतर आलेले ग्रेग चॅपेल 2007 च्या विश्वचषकानंतर पायउतार झाले, ग्रॅहम फोर्डने नकार कळवला, आणि इंग्लंड दौरा तोंडावर आला. तेव्हा क्रिकेट मंडळाने पुण्याला फोन लावला. चंदू बोर्डे. 55 कसोटी, 3061 धावा. 1989 ला सचिन कराचीत पहिली कसोटी खेळला त्या दौऱ्याचेही तेच मॅनेजर होते. आता वय बहात्तर, दौऱ्यातच त्र्याहत्तर पूर्ण. नव्या कोचच्या जमान्यात हे नाव ऐकून पुष्कळांनी भुवया उंचावल्या. बोर्डे गेले, गोलंदाजी वेंकटेश प्रसादकडे आणि क्षेत्ररक्षण रॉबिन सिंगकडे सोपवलं आणि ज्येष्ठ खेळाडूंना मोकळं सोडलं. ट्रेंट ब्रिजला झहीरने नऊ बळी घेतले. मालिका एक-शून्य भारताची. इंग्लंडमध्ये आपण तोवर तीनदाच कसोटी मालिका जिंकलो होतो, 1971, 1986 आणि 2007. त्यातल्या दोन वेळा मॅनेजर पुण्याचे होते.

त्यानंतर लगेच सप्टेंबरात धोनीचा तरुण संघ पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेला निघाला. सोबत क्रिकेट मॅनेजर म्हणून मुंबईचे जुने सलामीवीर लालचंद राजपूत. डर्बनला पाकिस्तानशी बरोबरी झाली आणि निकाल रिकाम्या यष्टींवर चेंडू टाकून लावायचा ठरला. भारताने त्याचा सराव नेटमध्ये आधीच करून ठेवला होता. सेहवाग, हरभजन आणि उथप्पा, तिघांचेही चेंडू यष्टींवर लागले. पाकिस्तानचा एकही लागला नाही.