लहान चणीच्या गुरांतील आनुवंशिक दोष आणि जनुकीय चाचणी

आयर्लंडची ‘डेक्स्टर’ ही लहान चणीची गाय आनुवंशिक दोषांच्या अभ्यासात सुपरिचित आहे. तिच्या आखूड पायांस कारणीभूत असलेला जनुकदोष माता व पिता दोघांकडून आला, तर गर्भ विकृत होऊन गाभ टाकला जातो. दोन वाहकांच्या संयोगात ही शक्यता चारांत एक असते. वाहक व निर्दोष जोडीत असे वासरू संभवत नाही. केसांच्या मुळांवरून वा रक्तावरून वाहक ओळखता येतो.

कृत्रिम रेतनात एका वळूचा दोष हजारो वासरांत उतरू शकतो. होल्स्टिन गुरांतील रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा ‘ब्लॅड’ हा दोष १९५२ साली जन्मलेल्या ऑसबॉर्नडेल आयव्हनहो या वळूच्या वंशजांमार्फत जगभर पसरला. म्हणूनच भारतातही रेतन केंद्रांसाठी निवडलेल्या वळूंची तपासणी केली जाते.

गोव्याच्या शुभ्रवर्णी ‘श्वेतकपिला’ गायीची स्वतंत्र जात म्हणून नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने केली आहे. मोजक्या संख्येच्या जातीत जवळच्या नात्यातील पैदास वाढली की दडलेले दोष उघडे पडतात. त्यामुळे वळूची वंशावळ पाहणे अगत्याचे ठरते. वाहक गाय मात्र गोठ्यातून काढावी लागत नाही. तिला चाचणीत निर्दोष ठरलेला वळू देणे पुरेसे असते.