भूमी व जल संवर्धन निधी (अमेरिका)

भूमी व जल संवर्धन निधी : उद्याने, क्रीडांगणे, पायवाटा, पोहण्याच्या व नौकाविहाराच्या जागा अशा खुल्या जागेतील करमणुकीच्या सोयींसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दिले जाणारे संघीय साहाय्य. ‘लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड’ या नावाने ते ओळखले जाते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्याच्या कायद्यावर ३ सप्टेंबर १९६४ रोजी सही केली आणि १ जानेवारी १९६५ पासून तो अंमलात आला. निधीचा एक भाग संघ सरकार स्वतः जमीन संपादण्यासाठी खर्च करते. प्रस्तुत नोंद राज्ये व स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या अनुदानापुरती आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी व सुट्ट्या वाढल्या आणि उद्यानांवर गर्दी लोटली. १९५८ मध्ये काँग्रेसने या प्रश्नासाठी एक आयोग नेमला. लॉरन्स रॉकफेलर त्याचे अध्यक्ष होते. जानेवारी १९६२ मध्ये सादर झालेल्या मुख्य अहवालासोबत २७ अभ्यास-अहवाल होते. लोक सर्वाधिक करतात ते साधे फिरणे आणि मोटारीतून रपेट, आणि मोकळ्या जागेची सर्वांत मोठी निकड दूरच्या डोंगरांत नसून महानगरांच्या आसपास आहे, हे त्यातले निष्कर्ष आजही वाचण्याजोगे आहेत. त्याच वर्षी संघ सरकारच्या इंटिरिअर खात्यात या कामासाठी एक स्वतंत्र विभाग निघाला. तो रूपांतरे पावत १९८१ मध्ये बंद झाला व अनुदानाचे काम राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेले.

नियोजन : या कायद्याचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. जमीन घेण्यासाठी किंवा बांधकामासाठी पैसा मागण्यापूर्वी राज्याला संपूर्ण राज्याचा करमणूक आराखडा करावा लागतो. त्याचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘स्कॉर्प’. कोणत्या सोयींना मागणी आहे, त्यांपैकी काय उपलब्ध आहे, तूट कुठे आहे आणि ती कोणत्या क्रमाने भरून काढायची, हे त्यात मांडावे लागते. आराखडा करताना जनतेला सहभागाची पुरेशी संधी दिली होती, असे राज्यपालांनी प्रमाणित करावे लागते. १९८६ च्या कायद्याने पाणथळ जागांचा विचारही सक्तीचा झाला. आराखडा साधारणपणे दर पाच वर्षांनी नव्याने केला जातो आणि तो करण्याचा खर्चही अनुदानास पात्र असतो. नियोजनालाच पैसा देणारी तरतूद सार्वजनिक कामांच्या कायद्यांत विरळा आढळते. तिच्यामुळे निवडणुकीपुरत्या घोषणेऐवजी मोजलेल्या गरजेवर प्रकल्प उभा राहण्याची शक्यता निर्माण झाली, हे या कायद्याचे मोठे श्रेय होय. आराखड्यांचा दर्जा मात्र राज्याराज्यांत भिन्न आहे.

अनुदान खर्चाच्या निम्म्यापेक्षा अधिक नसते. उरलेला वाटा राज्याने, गावाने किंवा परगण्याने उचलायचा असतो. दान मिळालेली जमीन व श्रमदान त्यात धरता येते. रक्कम बहुधा खर्च झाल्यावर प्रतिपूर्ती म्हणून मिळत असल्याने आधी पैसा उभा करणे लहान गावांना जड जाते. कोणत्याही एका राज्याला एकूण वाटपाच्या १० टक्क्यांहून अधिक देता येत नाही.

ज्या गावांकडे नियोजक नाही त्यांना राष्ट्रीय उद्यान सेवेची नद्या, पायवाटा व संवर्धन साहाय्य योजना उपयोगी पडते. तीत पैसा मिळत नाही, जाणकार माणसांचा वेळ मिळतो.

उत्पन्न : आरंभी प्रवेशशुल्क, मोटारबोटींच्या इंधनावरील कर व अतिरिक्त सरकारी मालमत्तेची विक्री. १९६८ च्या दुरुस्तीने समुद्रातील तेल व वायूच्या भाडेपट्ट्यांचे उत्पन्न जोडले गेले आणि तेच मुख्य आधार ठरले. १९७८ पासून वार्षिक मर्यादा ९० कोटी डॉलर झाली. तेवढी रक्कम प्रत्यक्षात क्वचितच मंजूर होई. १९९६ ते १९९९ या आर्थिक वर्षांत राज्यांच्या वाट्याला काहीच आले नाही. त्या काळात पैशाविना आराखड्यांना अर्थ उरला नाही. २०१५ व २०१८ मध्ये कायद्याची मुदत काही काळ संपली होती. १२ मार्च २०१९ च्या कायद्याने ती कायमची केली, तर ४ ऑगस्ट २०२० च्या ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स कायद्याने पूर्ण ९० कोटी डॉलरची दरवर्षीची तरतूद पक्की केली.

जमिनीवरील बंधन : अनुदान लाभलेली जागा खुल्या करमणुकीखेरीज अन्य कामी वापरण्यास इंटिरिअर मंत्र्यांची मान्यता लागते. ती मिळण्यासाठी किमान तितक्याच बाजारमूल्याची, उपयोगाने व ठिकाणाने साधारण तुल्य अशी दुसरी जागा मिळवावी लागते. हे बंधन मुदतीचे नसून कायमचे आहे आणि बहुधा संपूर्ण उद्यानाला लागू होते, मग अनुदान त्याच्या एका कोपऱ्यापुरतेच का असेना. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील मॅकूम्स डॅम उद्यानाचा दाखला प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये उघडलेले नवे यांकी स्टेडियम या उद्यानाच्या जागेवर उभे राहिले. बदली जागा विखुरलेल्या निघाल्या. जुन्या स्टेडियमच्या जागेवरील मैदाने तर २०१२ मध्ये खुली झाली. तोवर परिसरातील मुलांना खेळायला हक्काची जागा राहिली नव्हती, ही रहिवाशांची तक्रार होती. कागदोपत्री तुल्य ठरलेली जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे की नाही, याला नियमांत अधिक वजन असायला हवे.

मतभेद : संघीय जमीनखरेदीला पश्चिमेकडील काही लोकप्रतिनिधींचा विरोध राहिला आहे. राज्यांच्या अनुदानाबाबत तो तुलनेने सौम्य दिसतो.

आदिवासी जमाती : मान्यताप्राप्त जमाती अनुदानास पात्र आहेत.

शहरी भाग : उद्यानांची वानवा असलेल्या शहरी वस्त्यांसाठी २०१४ पासून स्वतंत्र स्पर्धात्मक अनुदान दिले जाते.