साष्टी बेटावरील पदभ्रमण

साष्टी बेटावरील पदभ्रमण म्हणजे महाराष्ट्रातील साष्टी बेटाच्या डोंगराळ अंतर्भागात आणि त्याच्या पश्चिम व पूर्व किनाऱ्यांवर पायी केली जाणारी भटकंती होय. मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इत्यादी उपनगरे आणि ठाणे शहराचा मोठा भाग याच बेटावर वसला आहे. दाट लोकवस्तीने वेढलेले वन, प्राचीन लेणी, खडकाळ समुद्रकिनारे, खाड्या आणि खारफुटी अशी विविध भूरूपे या बेटावर थोड्या अंतरात आढळतात. बिबट्यांचा वावर, पावसाळ्यातील दरडी आणि समुद्राचे प्रवाह यांमुळे येथील भटकंतीवर काही निर्बंध आहेत. गोव्यातील साष्टी तालुक्याशी या बेटाचा संबंध नाही.

नाव आणि पार्श्वभूमी

‘साष्टी’ हे नाव ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, या शब्दावरून आले असे मानले जाते. पोर्तुगिजांनी त्याचे ‘सालसेत’ असे रूप केले. १५३४ च्या वसईच्या तहाने हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेला. १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो जिंकला. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीचा ताबा घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो कायम झाला.

दक्षिणेकडील मुंबई बेटाशी साष्टी आधी शीव येथील आणि नंतर १८४५ मध्ये खुल्या झालेल्या माहीमच्या बांधरस्त्याने जोडले गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे हा रेल्वेमार्ग सुरू झाला. रेल्वेमुळे शहरातील रहिवाशांना बेटाच्या डोंगरापर्यंत पोहोचून त्याच दिवशी परतणे सोपे झाले. आजही बहुतेक वाटांची सुरुवात एखाद्या उपनगरी रेल्वे स्थानकापासून होते.

भूगोल आणि भूशास्त्र

बेटाच्या उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र आहे. मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेली डोंगररांग असून तिचा बराचसा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर आहे. जांभूळमाळ (उंची सुमारे ४६८ मीटर) हे येथील सर्वोच्च ठिकाण होय. याच डोंगररांगेत दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांचे उगम आहेत. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलावही डोंगरांच्या कुशीत आहेत. तुळशी तलावाच्या परिसरात सर्वसामान्यांना प्रवेश नसतो.

बेटाचा खडक प्रामुख्याने दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून बनला आहे. मात्र काळ्या बेसाल्टबरोबर येथे इतर प्रकारचे खडकही आढळतात. मढ, मनोरी आणि उत्तनच्या किनाऱ्यावर ऱ्हायोलाइट व ट्रॅकाइट हे फिकट रंगाचे, सिलिकाचे प्रमाण अधिक असलेले खडक दिसतात. अंधेरी पश्चिमेकडील गिल्बर्ट टेकडी हा सुमारे ६१ मीटर उंचीचा उभ्या बेसाल्ट स्तंभांचा सुळका आहे. त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मानले जाते. खाणकामामुळे टेकडीचा मोठा भाग नष्ट झाला असून उरलेल्या सुळक्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी तेथे जाता येते. अशाच रचनेसाठी अमेरिकेतील वायोमिंग राज्यातला ‘डेव्हिल्स टॉवर’ प्रसिद्ध आहे.

डोंगरातील वाटा

कान्हेरी : बोरिवली पूर्व येथील उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेणी सुमारे ६ किलोमीटरवर आहेत. डांबरी रस्त्याने पायी, सायकलने किंवा उद्यानाच्या वाहनाने तेथे जाता येते. इ.स.पू. पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत खोदल्या गेलेल्या या बौद्ध लेण्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मोठे चैत्यगृह आहे. खडकात कोरलेल्या पायऱ्या, पन्हळी आणि पाण्याची टाकी यांच्या आधारे डोंगराच्या माथ्यापर्यंत चढता येते. पावसाचे पाणी अडवून ते वर्षभर पुरवण्याची जी व्यवस्था भिक्खूंनी केली होती, ती ही चढण चढताना टप्प्याटप्प्याने पाहता येते. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख असून ते अकराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंचे आहेत.

शिलोंडा : ही उद्यानातील निसर्गवाट ओढ्याच्या काठाने जाते. पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने ती पाण्याने व हिरवाईने भरलेली असते. फुलपाखरे व पक्षी पाहणाऱ्यांची या वाटेला विशेष पसंती आहे.

गोरेगाव : चित्रनगरीच्या शेजारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे. तेथे शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शनासह निसर्गफेऱ्या घेतल्या जातात. लगतची आरे दूध वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली.

पूर्व बाजू : मुलुंड आणि भांडुपच्या मागे डोंगराचा पूर्व उतार उभा राहतो. ठाण्याकडून येऊर गावामार्गे जंगलात जाता येते. त्यासाठी वन विभागाच्या चौकीवर नोंद करावी लागते.

किनाऱ्यावरील वाटा

मार्वे ते मढ : मालाडच्या पश्चिमेस मार्वे, आक्सा, दाणापाणी, एरंगळ आणि मढ हे किनारे उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने येतात. वाळूचे पट्टे आणि खडकाळ भूशिरे आलटून पालटून लागतात. एरंगळ येथे समुद्रालगत पोर्तुगीजकालीन चर्च असून जानेवारीत तेथे मोठी जत्रा भरते. मढच्या टोकावरील किल्ला संरक्षण दलाच्या ताब्यात असल्याने आत जाण्यास परवानगी लागते. मढहून वर्सोव्याला होडीने खाडी ओलांडता येते.

मनोरी, गोराई, उत्तन : मार्वेहून मनोरीला आणि बोरिवली पश्चिमेहून गोराईला फेरीबोट जाते. पूर्वी धारावी बेट म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या जुन्या गावठाणांचा आहे. गोराईजवळील जागतिक विपश्यना पॅगोडाचा घुमट दूरवरून दिसतो. उत्तरेस उत्तन येथे सुकवण्यासाठी बांबूच्या परांड्यांवर टांगलेले बोंबील हे हिवाळ्यातील नेहमीचे दृश्य असते.

जुहू ते वांद्रे : येथील ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर समुद्री गोगलगायी, खेकडे, प्रवाळ आणि समुद्रफुले आढळतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून अशा किनाऱ्यांवर मार्गदर्शनासह फेऱ्या घेतो आणि आढळलेल्या जीवांची नोंद ठेवतो. दक्षिण टोकावर वांद्र्याचा किल्ला आहे.

ठाणे खाडी : पूर्व किनारा वाळूचा नसून चिखलाचा व खारफुटीचा आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत येथे रोहित पक्ष्यांचे थवे येतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भांडुपच्या उदंचन केंद्राचा परिसर पक्षीनिरीक्षकांमध्ये परिचित आहे.

ऋतुमान

जून ते सप्टेंबर या काळात बेटावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ लांब पल्ल्याच्या चालीसाठी अनुकूल असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. सामान्यतः आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी येथे २०१६ व २०२४ मध्ये बहरली. फुलोरा संपून बी पडल्यावर ही झुडपे मरतात. म्हणून त्या वर्षी वाट सोडून झुडपांत शिरल्यास पुढील पिढीच्या बीजांचे नुकसान होते.

स्थानिक समाज

उद्यानात व आरे परिसरात वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी या समाजांचे पाडे आहेत. डोंगरातील अनेक पायवाटा मुळात या पाड्यांना एकमेकांशी, पाणवठ्यांशी आणि बाजाराशी जोडणाऱ्या आहेत. काही पाड्यांत वाघोबाचे किंवा वाघदेवाचे स्थान असून त्याची पूजा केली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून झोपड्यांचे पुनर्वसन आणि मूळ आदिवासींचे वनावरील हक्क हे दोन्ही प्रश्न चर्चेत राहिले आहेत.

धोके आणि नियम

बिबटे : २०१५ च्या छायाचित्र-सापळा गणनेत उद्यान व परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. २००४ साली माणसांवरील हल्ल्यांत मोठी वाढ झाली होती. इतर ठिकाणी पकडलेले बिबटे येथे आणून सोडणे हे त्यामागचे एक कारण असल्याचे अभ्यासकांनी मांडले. त्यानंतर वन विभागाने धोरण बदलले. २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा जनजागृतीचा उपक्रम सुरू झाला. उघड्यावरील कचऱ्यामुळे भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबटे वस्तीजवळ येतात. त्यामुळे वाटेवर अन्न किंवा कचरा न टाकणे ही केवळ स्वच्छतेची बाब ठरत नाही. गटाने चालणे, मुलांना मधोमध ठेवणे आणि सूर्यास्तापूर्वी परतणे असे नियम सांगितले जातात.

दरडी आणि ओढे : जुलै २००० मध्ये घाटकोपर येथे डोंगरउतारावरील वस्तीवर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसात डोंगरातील कोरडे ओढे थोड्या वेळात दुथडी भरतात व परतीची वाट बंद होते.

समुद्र : मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक ४ मीटरहून अधिक असतो. खडकांवरून पुढे गेलेल्या व्यक्तीची मागील वाट भरतीत पाण्याखाली जाऊ शकते. आक्सा किनारा खेचून नेणाऱ्या प्रवाहांमुळे व बुडण्याच्या दुर्घटनांमुळे धोकादायक मानला जातो. भरतीचे वेळापत्रक पाहून, ओहोटी लागत असताना चाल सुरू करणे सुरक्षित असते.

प्रवेश : राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीविना उद्यानाच्या जंगलात शिरणे हा गुन्हा आहे. निसर्गवाटांवर वन विभागाच्या मार्गदर्शकासह जावे लागते.

संवर्धन

डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. आरेमधील मेट्रो कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये झालेल्या वृक्षतोडीला मोठा विरोध झाला. २०२० मध्ये तेथील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर करण्यात आली. गोरेगाव–मुलुंड आणि ठाणे–बोरिवली या जोडरस्त्यांचे जुळे बोगदे डोंगराखालून नेण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी वर्सोवा येथे स्वच्छता मोहीम सुरू केली. मार्च २०१८ मध्ये या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले आढळली.

हेही पाहा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
कान्हेरी लेणी
गिल्बर्ट टेकडी
ठाणे खाडी
वसईची मोहीम