विकासविलंब व वर्तनविकार : बालकांची प्राथमिक तपासणी

स्वमग्नता, अतिचंचलता, भाषाविलंब, अध्ययन अक्षमता यांसारख्या अडचणी नेहमीच्या बालआरोग्यसेवेतच ओळखून मुलाला वेळेवर मदत मिळवून देणारी पद्धत. भारतात या कामाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकट आहे. त्याचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर (तेव्हा ठाणे जिल्हा) येथे झाला. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा सहा आठवड्यांपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात; शंका आल्यास मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

खरी कसोटी लागते ती पहिल्या भेटीत. दीड वर्षाचे मूल हाक मारली तरी वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने न दाखवता आईचा हात धरून तिकडे ओढते. 'याचा बापही उशिराच बोलला' असे आजी म्हणते आणि मौल्यवान वर्ष निघून जाते. अशा वेळी श्रवणचाचणी आधी करावी. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायची एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची स्वमग्नतेची चाळणी उपयोगी पडते. मात्र ती निदान नव्हे. निदान पक्के होईपर्यंत वाचोपचार व व्यवसायोपचार लांबणीवर टाकू नयेत.

अतिचंचलतेत सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण देतात. त्यापुढे गरजेनुसार मिथाइलफेनिडेटसारखे औषध. अशा अडचणींसाठी आईच्या संगोपनाला दोष देणे शास्त्राला धरून नाही, आणि डॉक्टरांनी तिला हे पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.