पहिल्या किलोपासून

एसटीत कंडक्टर लगेजचं तिकीट फाडतो ते पोत्याला, पेटीला. मांडीवरच्या पिशवीचे पैसे कोणी मागत नाही. विमानातही कित्येक दशकं हीच रीत होती. ठरलेलं वजन तिकिटातच धरलेलं आणि पैसे फक्त वरच्या किलोंचे. २००६ साली युरोपातल्या स्वस्त विमानांनी यातला ‘जादा’ हा शब्दच काढून टाकला.

१६ मार्च २००६ पासून आयर्लंडच्या रायनएअरने विमानाच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक बॅगेला पैसे लावले. आधी वेबसाइटवर नोंदवली तर अडीच पौंड, विमानतळावर आणून ठेवली तर पाच. त्याबरोबर भाडी ९ टक्क्यांनी उतरवण्याची घोषणाही होती. या दुपटीच्या फरकात सगळा हेतू दिसतो. कंपनीला बॅगेचे पैसे हवे होतेच, पण त्याहून जास्त हवं होतं ते बॅग घरीच राहणं. हातात पिशवी घेतलेला माणूस थेट गेटवर जातो, मग काउंटर कमी लागतात, बॅगा चढवणारी माणसं कमी लागतात आणि उतरलेलं विमान २५ मिनिटांत पुन्हा उडू शकतं. इथवरचा हिशेब मला पटतो. बिनबॅगेच्या माणसाने दुसऱ्याच्या सामानाचा खर्च का सोसावा?

पण वाट लवकरच बदलली. २००८ मध्ये तेल भडकलं आणि अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासात पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. पुढे तेल उतरलं, शुल्क मात्र राहिलं. तिथे भाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर आहे, बॅगेच्या शुल्कावर नाही. कंपन्या ते कशाला सोडतील?

त्याच वर्षी स्पेनच्या आ कोरुन्याहून चौघं आम्सटरडॅमला जाऊन आले. चौघांत मिळून बॅगा दोन, आणि व्ह्युएलिंग कंपनीने त्यांचे ४० युरो वेगळे घेतले. स्पेनच्या १९६० च्या कायद्याने प्रवाशाबरोबर त्याचं सामान नेणं तिकिटातच येत होतं, म्हणून कंपनीला ३,००० युरो दंड झाला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल लागला: पोटातली बॅग ऐच्छिक, तिचे पैसे घेता येतील, वाजवी वजनाची आणि मापाची हातातली बॅग मात्र प्रवासाचाच भाग, तिला पैसे नाहीत. तरीही पैसे घेतलेच गेले. २०२४ मध्ये स्पेनने मुख्यतः त्यासाठीच पाच कंपन्यांना १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने बिनबॅगेच्या प्रवाशाला स्वस्त तिकीट द्यायची मुभा दिली. अट अशी, की ऐनवेळी बॅग आणली तर किती पडतील ते तिकीट काढतानाच सांगायचं आणि तिकिटावर छापायचं. तो आकडा वाचल्याशिवाय पैसे भरू नका.