सातबारा, आठ-अ आणि उलटा पत्ता

दिवाळीत चारठाण्याला घरी होतो तेव्हा दोन कामं अडकलेली होती. एक काकांचं, एक माझं. काकांच्या सातबाऱ्यावर वाटणीचा फेरफार चढला होता, पण आठ-अ वर जुनंच खातं दिसत होतं. पीककर्जासाठी गेले तर उत्तर मिळालं, ‘आधी दोन्ही जुळवून आणा.’ माझं काम त्यामानाने हलकं. गावातल्या यादवकालीन मंदिरांचे फोटो ठेवायला मी एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला होता. ज्यांनी जुने फोटो दिले त्यांना आभाराचे मेल पाठवले, तर ते परत आले. कारण एका ओळीत होतं: या आयपी पत्त्याला नाव नाही.

आता नाव तर होतं! ब्राउझरमध्ये टाकलं की साइट उघडत होती. मग अडलं कुठे?

काकांचे कागद लावता लावता माझं कोडं सुटलं. सातबारा गट नंबरावरून उघडतो: ही जमीन कोणाची? आठ-अ खात्यावरून उघडतो: या खातेदाराची गावात कुठे कुठे किती जमीन? माहिती तीच, वाचायची दिशा उलटी. डीएनएसमध्येही अशाच दोन वह्या असतात. नावावरून पत्ता सांगणारा फॉरवर्ड झोन आणि पत्त्यावरून नाव सांगणारा रिव्हर्स झोन. फरक एवढाच, की सातबारा आणि आठ-अ एकाच तलाठ्याच्या दप्तरात असतात. डीएनएसच्या दोन वह्या मात्र बहुतेक वेळा दोन वेगळ्या घरांत असतात. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीला वही एकच होती. अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. एका ओळीत पत्ता आणि नाव शेजारी शेजारी. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, काही बिघडत नव्हतं. पण यंत्रं वाढली, यादी रोज जुनी होऊ लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. ज्याची पानं त्याने सांभाळायची.

वही वाटली गेली, पण ती नावांप्रमाणे वाटली गेली. त्यामुळे नुसता पत्ता हातात असेल तर कोणाचं दार ठोठवायचं, हेच कळेना. आराखड्यात ‘उलटी विचारणा’ नावाची सोय होती, पण सर्व्हर फक्त आपल्याच पानांबद्दल सांगू शकत असे. ती सोय कधी नीट रुजली नाही आणि २००२ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. टिकला तो दुसरा उपाय: पत्त्यालाच नाव करा. नाव आपण ‘चारठाणा, जिंतूर, परभणी’ असं लहानाकडून मोठ्याकडे लिहितो. आयपी पत्ता मात्र ‘परभणी, जिंतूर, चारठाणा’ असा मोठ्याकडून लहानाकडे जातो. म्हणून आकडे उलटे करून ते ‘इन-अ‍ॅडर.अर्पा’ या झाडाला टांगले. २०३.०.११३.२५ चं होतं २५.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.अर्पा.

आता आपल्याकडे या. १९८९ मध्ये ‘.इन’ या नावाची नोंद झाली आणि त्याचा कारभार मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे आला. म्हणजे भारताची नावांची वही जुहूत. पत्त्यांचं काय? ‘अर्नेट’ या आपल्या शैक्षणिक नेटवर्कला १४४.१६ ने सुरू होणारा पत्त्यांचा गट मिळाला, तो अमेरिकेतल्या नोंदणीकडून. १९९३ पासून आशिया-पॅसिफिकसाठी ‘एपीनिक’ उभी राहिली. नावांचा कारभार २००५ मध्ये ‘निक्सी’कडे गेला. पत्ते वाटणारी भारतातली स्वतःची नोंदणी, ‘आयआरआयएनएन’, सुरू झाली २०१२ मध्ये. दोन तारखांमधलं अंतर बघा: नाव आपलं झाल्यानंतर पत्त्याचं दप्तर देशात यायला तेवीस वर्षं लागली. इंटरनेट भारतात कधी आलं, या प्रश्नाला मी एक तारीख देत नाही, ते यामुळेच.

हाच इतिहास माझ्या सर्व्हरवर उतरला होता. नाव मी विकत घेतलं होतं, त्यामुळे फॉरवर्ड झोन माझ्या हातात. पत्ता भाड्याचा, त्यामुळे रिव्हर्स झोन पत्ता देणाऱ्याच्या हातात. मी माझ्या झोनमध्ये रात्रभर पीटीआर रेकॉर्ड लिहीत बसलो, पण जग त्या वहीत बघतच नव्हतं.

तुमचंही असं अडलं, तर आधी ‘डिग -एक्स’ पुढे पत्ता टाकून बघा. उत्तर आलंच नाही, तर पत्ता देणाऱ्याला पीटीआर लावायला सांगा. नाव आलं, पण त्याच्या शेपटीला ‘इन-अ‍ॅडर.अर्पा’ चिकटलेलं असेल, तर झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलंय. दुरुस्ती करूनही दुय्यम सर्व्हर जुनंच सांगत असेल, तर झोनचा सीरियल नंबर वाढवलाय का ते बघा. शेवटी मिळालेलं नाव परत पुढून शोधा. तोच पत्ता आला पाहिजे.

माझा पीटीआर एका विनंतीत लागला आणि मेल गेले. काकांचा आठ-अ दुरुस्त व्हायला पेरणी उलटली.